चौऱ्यांशीच्या फेऱ्यात चौऱ्यांशी काय?

अमळनेरहून एका ताईंनी विचारलंय: कोणी गेलं की आजी म्हणते, ‘सुटला बिचारा चौऱ्यांशीच्या फेऱ्यातून.’ हे चौऱ्यांशी कसले, आणि लिहिताना चौऱ्यांशी की चौऱ्याऐंशी?

चौऱ्याऐंशी लाख योनी. बोलताना ‘लाख’ गळून पडला. पुराणातली वाटणी अशी सांगतात: स्थावर २० लाख, जलचर ९, कृमी ११, पक्षी १०, पशू ३० आणि माणूस ४ लाख. आता जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या जैन शेजाऱ्याला प्रतिक्रमणातलं (चुकांची कबुली देण्याच्या नित्य विधीतलं) ‘सात लाख’ हे सूत्र म्हणायला सांगा. पृथ्वीकाय (मातीच्या देहाचे जीव) ७ लाख, अप्काय (पाण्याच्या देहाचे) ७ लाख अशी सुरुवात होते आणि माणसाच्या वाट्याला येतात १४ लाख. बेरीज मात्र तीच, ८४! म्हणजे आकडा आधी ठरला आणि हिशेब मागून बसवला, असंच मला वाटतं. १२ राशी गुणिले ७ ग्रह ही फोडही काही जण सांगतात. ती जरा जास्तच नेटकी आहे.

हा आकडा सगळीकडे योनींचाच आहे असंही नाही. बौद्धांच्या सामञ्ञफल सुत्तात मक्खली गोसालाचं मत दिलंय. हा बुद्धाच्याच काळातला, सगळं नियतीवर सोडणाऱ्या आजीविक पंथाचा गुरू. तो म्हणतो, ८४ लाख महाकल्प, म्हणजे प्रचंड लांब युगं, भटकल्यावर मूर्ख आणि शहाणा दोघांचंही दुःख संपतं. फेकलेली सुताची गुंडी जितकी उलगडायची तितकीच उलगडणार, तसं. इथे ८४ लाख हा काळ आहे, आणि सुटण्यासाठी माणसाच्या हातात काहीच नाही.

नाथपंथाने फेरा थेट देहात आणला. गोरखनाथांच्या नावावरचा योगग्रंथ गोरक्षशतक म्हणतो, जितक्या जीवजाती तितकी आसनं. त्यातून शिवाने लाखामागे एकेक निवडून ८४ ठेवली. सगळ्या जीवांचे स्वभाव याच अंगात आहेत आणि इथेच बसून ओलांडायचे, असा अर्थ मी यातून घेतो. मला तरी तो सगळ्यात पटतो.

आपल्याकडे तापी-पूर्णेच्या संगमावर ज्यांचं देऊळ आहे, त्या चांगदेवांची कथा आठवा. काळाला चुकवत १४०० वर्षं जगले, आणि ज्ञानदेवांना कोरा कागद धाडला. ‘इतकं जगून कोराच राहिला’, असं मुक्ताबाई म्हणाल्याचं सांगतात. मरण टळलं तरी फेरा टळला नव्हता. त्या हिशेबाने नुसत्या मरणानेही कोणी सुटत नाही, पुढच्या योनीत सरकतो. आजीच्या ‘सुटला’मध्ये शास्त्रापेक्षा माया जास्त आहे.

लिहिण्याचं म्हणाल तर दोन्ही रूपं संस्कृत ‘चतुरशीति’चीच. संख्या म्हणून चौऱ्याऐंशी लिहा. फेऱ्याला मात्र आजीचं चौऱ्यांशीच राहू द्या.