थंडी वाजतेय, हे मोठ्याने सांग

प्रिय पोरी,

नॉर्वेला डोंगरात राहून शिकायला निघालीस, त्या सामानाची तुझी यादी मिळाली. तीन जीन्स, दोन फुगीर जॅकेटं, कानटोपी, हातमोजे आणि शेवटी ‘अजून काय घेऊ?’ एक जीन्स विमानात घाल, बाकीच्या कपाटात ठेव. सुती कापड एकदा भिजलं की त्या हवेत वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. पण यादीपेक्षा तिच्याखालचं वाक्य मला जास्त खटकलं. ‘ताई, थंडीचं टेन्शन नाही, सोसायची सवय आहे मला.’ चार ओळींत उत्तर देणार होते, ते एवढं लांबलं ते या वाक्यामुळे.

तुला सोसायची सवय आहे हे मी पाहिलंय. राजगडाच्या वाटेवर नव्या बुटांनी तुझ्या दोन्ही टाचा सोलल्या होत्या आणि गुंजवण्यात परत उतरेपर्यंत तू चकार शब्द काढला नव्हतास. सगळ्यांनी कौतुक केलं. आपल्याकडे डोंगरात वाढलेल्या पोरांवर हा संस्कारच होतो: कुरकुर करायची नाही, मागे राहायचं नाही, ‘गड सर केला’ म्हणूनच घरी यायचं. सह्याद्रीत ते बहुतेक वेळा खपून जातं. टाच सोलली तर चार दिवसांत भरते.

नॉर्वेच्या हिवाळ्यात ते खपत नाही. तिथे नुकसान हळूहळू होतं आणि दुखायचं थांबतं तेव्हा खरी काळजी सुरू होते. बोट आधी झोंबतं, मग ठणकतं, मग काहीच जाणवत नाही. सोसणाऱ्याला वाटतं, चला, सवय झाली. उणे १० अंश तापमान आणि ताशी ३६ किलोमीटरचा वारा एकत्र आला की उघड्या कातडीला उणे २० ची थंडी लागते, आणि हार्डांगरविद्दाच्या पठारावर असा वारा म्हणजे काही वादळ नव्हे, साधा दिवस आहे.

यात आपल्यासाठी एक जास्तीची गोष्ट आहे, जी तिथल्या वर्गात कदाचित कुणी सांगणार नाही. हिमदंशाची सुरुवात ओळखायला ते एकमेकांचे चेहरे बघतात. गालावर, नाकाच्या शेंड्यावर पांढरा डाग दिसला की लगेच सांगतात. गोऱ्या कातडीवर तो डाग चटकन दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो राखाडी, मेणचट दिसतो आणि नवख्या नजरेला दिसतही नाही. म्हणून पहिल्याच दिवशी तुझ्या जोडीदाराला स्वतःहून सांग: माझ्या चेहऱ्यावर काय शोधायचं ते. डाग दिसला तर उघडा, गरम तळवा त्यावर धरून ठेवायचा. चोळायचं नाही. बर्फाने तर मुळीच नाही.

आता माणसांबद्दल. तू म्हणतेस, गट चांगला असेल तर ते विचारतीलच. नाही विचारणार. आपल्याकडे आग्रहावर सगळं चालतं. ‘घे गं’, ‘अजून एक घे’, तू दोनदा नको म्हणणार, तिसऱ्यांदा घेणार. तिथे कॉफी एकदा विचारतात. नको म्हणालीस की थर्मासचं झाकण बंद. तो तुटकपणा नसतो. तुला काय हवं ते तुला कळतं आणि तू ते बोलशील, असा तो विश्वास असतो. तू न बोलता सोसत राहिलीस तर त्यांच्या दृष्टीने तू मजेत आहेस. मला हे पचायला सगळ्यात अवघड गेलं, स्कीइंगपेक्षाही.

शिक्षकांचंही तेच. त्यांना नावाने हाक मारायची, ‘सर’, ‘मॅडम’ काही नाही. ते एका बैठकीत जमेल. पण तुमच्या सहा-सात जणांच्या गटाने नकाशावर चुकीची वाट धरली तर शिक्षक बराच वेळ मागून मुकाट्याने चालत येतील, हे पचायला वेळ लागेल. जिवावर बेतणार असेल तर ते थांबवतात, नाहीतर नाही. वाट कोणती, जेवायला कुठे थांबायचं, तंबू कुठे ठोकायचा, हे गटाने ठरवायचं आणि रात्री स्टोव्हभोवती बसून ते असं का ठरलं यावर बोलायचं. ही पद्धत आळसातून आलेली नाही. निल्स फारलुंद या नॉर्वेजियन गिर्यारोहकाने १९६७ मध्ये हेमसेदालला डोंगरातली शाळा काढली, आणि वाटाड्याने वाट दाखवण्यापेक्षा सोबतच्यांना ती शोधायला शिकवावं, हा विचार तिथल्या शिक्षणात मुरवण्यात त्याचा मोठा हात आहे. आपल्या मुलांची गोची अशी होते की शिक्षक गप्प आहेत म्हणजे सगळं बरोबर चाललंय असं आपण धरून चालतो. तसं धरू नकोस. ‘मला वाटतं आपण ओढ्याच्या चुकीच्या बाजूला आहोत’ हे वाक्य तुटक्या इंग्रजीत, चुकीच्या व्याकरणात, पण वेळेवर म्हण. आणि रात्रीच्या चर्चेत सगळे नकळत नॉर्वेजियनवर घसरले, तर तेही सांग. लगेच इंग्रजीवर येतात.

कपड्यांचं नीट ऐक, कारण बोलण्याचा सगळ्यात जास्त संबंध तिथेच येतो. त्या थंडीत तुझा पहिला शत्रू बर्फ नाही, घाम आहे. तू पाठीवर बोजा घेऊन किंवा कमरेला पुल्क, म्हणजे सामानाची घसरगाडी, बांधून चढ चढतेस, अंग तापतं, आतला कपडा भिजतो, आणि थांबलीस की तोच घाम तुला गोठवायला लागतो. म्हणून निघताना थोडं गारच वाटलं पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी अंग तापलं की एक थर काढायचा, थांबल्याबरोबर, अंग गार पडायच्या आत, जाड जॅकेट चढवायचं. हे पुस्तकात वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात थर काढायचा म्हणजे रांगेतल्या सगळ्यांना थांबवायचं, आणि आपल्यासारख्या मुलींना तेच नको असतं: माझ्यामुळे कशाला सगळ्यांचा खोळंबा? मग आपण घामाने भिजत चालत राहतो. ‘थांबा, मला एक थर काढायचाय.’ हे म्हणायला शिक. बाकीच्यांनाही तेच हवं असतं, असं बऱ्याचदा दिसून येतं.

अंगाला लागून लोकर. तिथे जाळीदार लोकरी गंजीफ्रॉक मिळतो, दिसायला विनोदी, पण त्याच्या भोकांत हवा अडकते आणि घाम कातडीवर थांबत नाही. त्यावर लोकरीचा दुसरा थर, त्यावर वारा अडवणारं पातळ जॅकेट. बूट घट्ट नकोत, दोन मोजे कोंबून बोटं आवळलीस तर रक्त फिरत नाही. पुण्यातून हजारो रुपयांचं सामान घेऊन जाऊ नकोस. निसर्गात राहून शिकवणाऱ्या बऱ्याच विभागांचं स्वतःचं सामानाचं भांडार असतं, ‘फिन’ या संकेतस्थळावर जुनं सामान मिळतं, आणि ‘बुआ’ नावाची संस्था गावोगावी स्कीपासून स्लेजपर्यंत सगळं फुकट वापरायला देते.

पाण्याबद्दल थोडं अवघडून लिहितेय, पण लिहिते. आपल्या मुली ट्रेकवर पाणी कमी पितात, आडोशाला जावं लागू नये म्हणून. झाडं नसलेल्या पांढऱ्या पठारावर तर आडोसा नसतोच. तरी पाणी पी. शरीरात पाणी कमी पडलं की हातपाय लवकर गार पडतात. जायचं असेल तर सांगायचं, बाकीचे पाठ करून उभे राहतात, संपला विषय. रात्री तंबूत जाग आली तर पहाटेपर्यंत दाबून पडू नकोस, ऊठ आणि जाऊन ये, नाहीतर झोपही नाही आणि ऊबही नाही. पाळी त्याच आठवड्यात आली तर तंबूतल्या जोडीदाराला सांगून ठेव. तिथे त्यावर कुणाची भुवई उंचावत नाही.

गटातलं दुसरं कुणी गप्प होत असेल तर तेही तुलाच ओळखावं लागेल. शरीराचं तापमान घसरू लागलेला माणूस क्वचितच सांगतो. तो अडखळायला लागतो, हातातून वस्तू निसटतात, शब्द जड होतात, चिडचिड करतो किंवा एकदम शांत होतो. त्याला ‘बरा आहेस ना?’ विचारून उपयोग नाही, ‘हो’ म्हणेल. त्याला विंडसॅकमध्ये घाला. ही एक मोठी कापडी पिशवी असते, तीन-चार जण आत बसले की पाच मिनिटांत हवा उबदार होते. मग कोरडे कपडे, आणि शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर गरम गोड पेय.

हिमकड्यांचं आणि गोठलेल्या तळ्यांचं तंत्र ते तुला नीट शिकवतीलच, त्यात मी लुडबुडत नाही. ३० अंशांहून जास्त उतार, वरून साचलेला बर्फ, सकाळी ‘वार्सोम’ या संकेतस्थळावरचा हिमस्खलनाचा अंदाज, बर्फाखाली गाडलं गेलेलं माणूस सापडावं म्हणून प्रत्येकाच्या अंगावर चालू ठेवलेलं संदेश पाठवणारं यंत्र, चालण्यासाठी निदान १० सेंटिमीटर घट्ट, नितळ बर्फ. हे पाठ होईल. बर्फाच्या गुहेत झोपायची रात्रही येईल. गुहेचं दार झोपायच्या ओट्यापेक्षा खाली असावं, म्हणजे गार हवा खाली उतरते, आणि छताला हवेचं भोक असलंच पाहिजे. आत स्टोव्ह पेटवून डोकं जड झालं तर ते थकव्याचं लक्षण समजून पडून राहू नकोस, लगेच सांग आणि बाहेर ये. रोआल्ड अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर जाण्याआधी, १८९६ मध्ये, याच हार्डांगरविद्दावर भावाबरोबर निघाला होता. एका रात्री बर्फात खड्डा करून झोपला आणि सकाळी आजूबाजूचा बर्फ गोठून आत अडकला. भावाने खणून काढलं म्हणून पुढचा इतिहास घडला.

मागे फिरण्याबद्दल मात्र मला बोलायचंय. नॉर्वेत ‘डोंगरी शहाणपणाचे नियम’ लहान पोरांनाही पाठ असतात. १९६७ च्या ईस्टरच्या सुट्टीत डोंगरात १८ माणसं दगावली, त्यानंतर रेड क्रॉस आणि तिथल्या पर्यटन संघाने त्यांचा धडाक्याने प्रसार केला. नऊ नियम आहेत, त्यातला आठवा सगळ्यांना माहीत असतो: वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. गंमत म्हणजे नियम पाठ असूनही ‘फिरूया’ हा शब्द पहिल्यांदा उच्चारायला तिथल्या दणकट मुलांनाही जड जातं. प्रत्येकजण दुसऱ्याची वाट बघतो. त्या गटात तू सगळ्यात नवखी असणार, स्कीवर सगळ्यात जास्त पडणारी असणार, आणि म्हणूनच तुला वाटेल की हे बोलायचा अधिकार आपला नाही. माझं मत उलट आहे. नवख्याने बोललं की बाकीच्यांना मान डोलावणं सोपं जातं.

तुला नॉर्वेजियन तत्त्वज्ञ आर्ने नेस आणि त्यांची निसर्गाबद्दलची तत्त्वज्ञानी बैठक अभ्यासाला असेलच. गांधींवर त्यांनी खूप विचार केला होता, हे वाचून आपल्याला उगाच छाती फुगवावीशी वाटते, ते सोड. मला आवडतं ते १९७१ चं. नेस, फारलुंद आणि सिग्मुंड क्वालॉय असे तिघे नेपाळमध्ये त्सेरिंगमाला, म्हणजे आपल्या नकाशावरच्या गौरीशंकरला गेले. शिखर ७,१३४ मीटरचं. वर जायचंच नाही, असं ठरवून गेले. त्या पर्वताला पवित्र मानणाऱ्या शेर्पांच्या भावनेचा मान ठेवून ते शिखर सोडून परत आले. आपल्या गिर्यारोहणाच्या संमेलनांत हे सांगितलं की समोरचे जरा चुळबुळतात. सांगून बघ कधीतरी.

अंधाराचं काय, असंही तू विचारलंयस. तू राहणार आहेस त्या बो गावात जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य नऊनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो. उत्तरेसारखी पूर्ण रात्र नसते, पण डोंगरामुळे उजेड आणखी कमी वाटतो. जवळच र्युकान नावाचं गाव आहे. ते इतक्या खोल दरीत आहे की सप्टेंबरअखेर ते मार्च तिथे ऊन पोचतच नाही. लोकांना हिवाळ्यात सूर्य बघता यावा म्हणून १९२८ मध्ये डोंगरावर जाणारा रोपवे बांधला, आणि २०१३ मध्ये डोंगरावर सूर्याबरोबर फिरणारे आरसे बसवले, गावच्या चौकात ऊन पाडायला. एखाद्या शनिवारी जाऊन ये. अंधाराचा त्रास होतो हे शंभर वर्षं तिथे राहिलेल्या लोकांनी उघडपणे मान्य केलंय, आरसे लावून मान्य केलंय. मग तुला तिसऱ्या आठवड्यात उठावंसं वाटलं नाही, कारण नसताना रडू आलं, तर ‘मी कच्ची आहे’ असला निष्कर्ष काढायची गरज नाही. दुपारच्या उजेडात रोज बाहेर पड, ड जीवनसत्त्व घे, विद्यार्थी-कल्याण संस्थेच्या समुपदेशकाची वेळ घे. शनिवार-रविवार तिथली मुलं आपापल्या घरी जातात आणि वसतिगृह ओस पडतं, ते दोन दिवस आधीच कुणाबरोबर तरी ठरवून ठेव. आईला फोनवर ‘सगळं मस्त’ सांगायचं असेल तर सांग, मला खरं सांग.

खाण्याचं शेवटी. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, तुपातले डिंकाचे लाडू आणि खव्याच्या वड्या पकडल्या तर टाकून देतील. आजीला आत्ताच सांग, नाहीतर ती करून मोकळी होईल. तिथे लोणी उत्तम मिळतं, कढवून तूप कर आणि लाडू तिथेच वळ, टूरवर सगळा गट त्यावर तुटून पडेल. गोडा मसाला, मेतकूट ने. शेंगदाण्याची चिक्की भरपूर ने, पण निघण्याआधी घरीच बारीक फोडून पिशव्यांत भर. उणे १५ मध्ये अख्खी वडी चावायला गेलीस तर दाताचा तुकडा पडायचा, आणि तिथले दंतवैद्य फार महाग आहेत.

तुझी,
ताई