दादाच्या जागेवर खेळायचंय, पण दादाला कसं सांगू?

प्रश्न : माझी नात शाळेच्या टीममधे बास्केटबॉल खेळते, म्हणते आजोबा मी पॉइंट गार्ड आहे. गार्ड म्हणजे राखण करणारी ना, मग ती बॉल घेऊन सगळ्यांच्या पुढे का पळत असते?
– एक आजोबा, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आजोबा, नावावर जाऊ नका. पाच जणींमधली जी बॉल आपल्या बाजूनं समोर घेऊन जाते आणि आता कोणता डाव खेळायचा ते बाकीच्यांना सांगते ती पॉइंट गार्ड, प्रॅक्टिसमधे तिला नुसतं 'वन' म्हणतात. बॉल ताब्यात आला की ८ सेकंदांत अर्धं मैदान ओलांडावं लागतं आणि २४ सेकंदांत बास्केटवर शॉट मारावा लागतो, म्हणजे तुमच्या नातीला विचार पण पळता पळताच करायचाय, समोर एक पोरगी हात पसरून आडवी, बाहेरून कोच ओरडतोय. घरच्या लग्नात एक काकू असते बघा, जिला माहीत असतं पंगत कधी बसवायची आणि वाढायला कुणाला पाठवायचं, ते काम तुमची नात करतेय. पुढच्या मॅचला जाऊन बसा आणि बॉल सोडून तिच्या डोळ्यांकडे बघा.

प्रश्न : सर, मी २० वर्षांचा, राजेंद्रनगरला राहतो, कॉलेज करून संध्याकाळी क्लबला प्रॅक्टिसला जातो. बॅकअप पॉइंट गार्ड आहे. आमचा स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू होताना उतरणारा, ३४ वर्षांचा, सगळे त्याला दादाच म्हणतो, १० वर्षं तोच स्टार्ट करतोय. मी १२ वर्षांचा होतो तेव्हा डाव्या हातानं ड्रिबल करायला, म्हणजे बॉल टप्पे देत न्यायला, त्यानंच शिकवलं, स्वतःचे जुने शूज पण दिले होते. आता प्रॅक्टिसमधे मी त्याला सहज मागे टाकतो. मागच्या टूर्नामेंटमधे दुसऱ्या क्वार्टरला मला उतरवलं तेव्हा आम्ही ९ पॉइंटनी मागे होतो, हाफटाइमला २ नं पुढे गेलो. तिसऱ्या क्वार्टरला परत दादा, आणि शेवटी ४ नं हरलो. मित्र म्हणतात भिया तेरेको स्टार्ट करना चाहिए. कोचशी बोलू का? दादाला काय वाटेल? मी कृतघ्न आहे असं वाटून रात्री झोप लागत नाही. आणखी एक क्लब बोलावतोय, तिकडे जाऊ का?

उत्तर : अरे, सगळ्यात आधी ते कृतघ्न वगैरे डोक्यातून काढ. दादानं तुला डावा हात शिकवला तो तू कडेला उभं राहून टाळ्या वाजवाव्यात म्हणून नव्हे. त्याच्या जागेवर खेळावंसं वाटतं यात वाईट काही नाही, तसं वाटतच नसतं तर मी म्हटलं असतं की खेळ सोड आणि अभ्यास कर.

आता तुझ्या त्या दुसऱ्या क्वार्टरबद्दल बोलू. ९ नं मागे असताना उतरलास आणि २ नं पुढे आणलंस, छान, मनापासून छान. पण मला एक सांग, त्या १० मिनिटांत समोर कोण होतं? बऱ्याच टीम दुसऱ्या क्वार्टरला आपल्या मेन प्लेयर्सना बसवून बेंचवाले उतरवतात, स्कोअरशीट मिळाली किंवा कुणी मोबाइलवर रेकॉर्ड केलं असेल तर शांतपणे बघ, समोरचे त्यांचे पहिले पाच होते का दुसरे पाच. पहिले पाच असतील तर तुझी बाजू खूपच मजबूत आहे. दुसरे असतील तरी तू चांगलाच खेळलास, फक्त कोच ती गोष्ट धरून बसला असणार आणि तुला कुणी सांगितली नसेल.

दुसरं, प्रॅक्टिसमधे दादाला मागे टाकतो म्हणतोस. नेहमी एकाच बाजूनं टाकतोस का रे? हे नीट आठव. ३४ वर्षांचा गार्ड तुझ्या स्पीडशी पळून जिंकू शकत नाही हे त्याला कधीच कळलेलं असतं, म्हणून तो तुला एक बाजू उघडी ठेवतो, बहुतेक बेसलाइनची, म्हणजे बास्केटमागच्या रेघेकडची, आणि तू खूश होऊन घुसतोस आणि पुढे तुमचा उंच पोरगा हात वर करून उभाच असतो. तू म्हणतोस मी दादाला बीट केलं, दादा म्हणतो मी त्याला मला हवं तिथे पाठवलं. आणि हे त्याला थेट विचार, दादा तू मला मुद्दाम जाऊ देतोस का? सांगेल तो. शूज देणारा माणूस उत्तर पण देतो.

कोच शेवटच्या क्वार्टरला त्यालाच का उतरवतो ते पण समजून घे. दोन मिनिटं राहिलीत, स्कोअर जवळपास आहे, तेव्हा पळण्यापेक्षा हिशोब जास्त लागतो. एका क्वार्टरमधे टीमचे ४ फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो, एखाद्या प्लेयरचे ५ झाले की तो बाहेर, शेवटच्या दोन मिनिटांत टाइमआउट घेतला तर बॉल पुढच्या अर्ध्यातून सुरू करता येतो, तर तो टाइमआउट आता मागायचा की राखायचा. त्यांच्या सेंटरचे, म्हणजे बास्केटजवळच्या उंच प्लेयरचे, ४ फाउल झालेत तर पाचवा व्हावा म्हणून बॉल त्याच्याच अंगावर न्यायला हवा. आपला शूटर धापा टाकतोय तर बॉल चालत आणायचा, २४ मधले १५ सेकंद घालवायचे, पोरांना श्वास घेऊ द्यायचा. दादा हे सगळं करतोय आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं म्हातारा स्लो झाला. तुझे मित्र स्टँडमधे बसून पॉइंट मोजतात, म्हणून त्यांचं ऐकून कोचकडे जाऊ नको.

तर एक महिना हे कर. बेंचवर बसलास की मोबाइल नाही, गप्पा नाही. प्रत्येक मिनिटाला चार गोष्टी डोक्यात हव्यात, स्कोअर, दोन्ही टीमचे फाउल, कुणाच्या नावावर किती, टाइमआउट किती उरले. शेजारच्या पोराला सांग मला मधेच विचार. धडाधड उत्तरं यायला लागली की तुझ्या पायात जे स्पीड आहे ते योग्य वेळेला वापरता येईल.

तुला दोन नावं सांगतो. स्टीव्ह नॅश, अमेरिकेच्या एनबीए लीगमधे २००५ आणि २००६ असा लागोपाठ दोनदा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर झाला. तोच नॅश १९९६ मधे फिनिक्सच्या टीममधे आला तेव्हा पुढे केविन जॉन्सन होता, थोड्याच महिन्यांत जेसन किड पण आला, दोन वर्षं बहुतेक बेंचवर गेली, मग डॅलसला गेला, तिथे मोठा झाला आणि परत फिनिक्सलाच स्टार्टर म्हणून आला. आणि मग त्याच्या मागे बॅकअप कोण, तर स्लोव्हेनियाचा गोरान ड्रॅगिच. २०१० च्या प्लेऑफमधे, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांमधे, सॅन अँटोनियोविरुद्ध तिसऱ्या मॅचला ड्रॅगिचनं २६ पॉइंट केले, त्यातले २३ एकट्या चौथ्या क्वार्टरमधे. मी हे कितीही वेळा सांगितलं तरी अंगावर काटा येतो. आणि पुढच्या मॅचला स्टार्ट कोण झालं? नॅशच. ड्रॅगिच परत बेंचवर बसला आणि २०१४ ला तो लीगचा मोस्ट इम्प्रूव्ह्ड प्लेयर ठरला.

याचा अर्थ तू चार वर्षं गप्प बस असा नाही हं. आपल्या इंदूरला क्रिकेटचे दाखले फार देतात, सी. के. नायडू साठीनंतर पण रणजी खेळले वगैरे, खरं आहे आणि अभिमान पण आहे, पण बास्केटबॉलच्या गार्डचे गुडघे तितकं थांबत नाहीत, त्यामुळे दादाची जागा कधीतरी जाणारच आणि तुझ्या कोचनं त्याची तयारी आजपासून करायला हवी. १० वर्षं एकच स्टार्टर आणि पुढचा कोण हे ठरवलेलंच नाही, ही मला कोचची चूक वाटते, तुझी किंवा दादाची नाही.

म्हणून बोल, आधी दादाशी आणि मगच कोचशी, कारण दादाला हे दुसऱ्याकडून कळलं तर जे दुखेल ते भरून निघत नाही. मॅचनंतर नको, हरल्यावर तर नकोच. एखाद्या रविवारी सकाळी प्रॅक्टिस झाली की पोहे-जलेबी खायला घेऊन जा आणि सरळ सांग, दादा मला स्टार्ट करायचंय, काय कमी आहे ते सांग. कोचला मात्र मी त्याच्यापेक्षा चांगला आहे असं चुकूनही म्हणू नको. विचार की शेवटची ५ मिनिटं मला द्यायची तर तुम्हाला माझ्यात काय दिसायला हवं. आणि हे पण सुचव की काही वेळ आम्हा दोघांना एकत्र उतरवा, तू बॉल आणायचा आणि त्यांच्या गार्डला दाबायचं, दादा दोन नंबरला, म्हणजे दुसऱ्या गार्डच्या जागी, म्हणजे त्याचे पाय वाचतात आणि डोकं मैदानावर राहतं. कितीतरी टीम दोन गार्ड खेळवतात, यात नवीन काहीच नाही.

दुसऱ्या क्लबचं म्हणशील तर हा सीझन संपेपर्यंत नको. इतकं सगळं करून पण कोचनं तुला सरळ उत्तर दिलं नाही, नुसतं बघू बघू करत राहिला, तर जा, आणि जाताना दादाच्या घरी जाऊन सांगून जा.

प्रश्न : माझे मिस्टर ३६ वर्षांचे आहेत, नोकरी सांभाळून इतकी वर्षं क्लबकडून खेळतात, नेहमी स्टार्टर. या वर्षी कोचनी २१ वर्षांच्या मुलाला त्यांच्या जागी घेतलं. त्या दिवशी घरी आले, जेवले नाहीत, शूज माळ्यावर टाकले आणि म्हणाले झालं माझं. तेव्हापासून जातच नाहीत. मी त्यांना काय सांगू?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. मी ३३ चा होतो तेव्हा माझं नाव पहिल्या पाचातून गेलं हे मला बोर्डावर लावलेल्या कागदावरून कळलं, तोंडानं कुणीच सांगितलं नाही, आणि मला बसण्याचं इतकं दुःख नव्हतं जितकं त्या न सांगण्याचं होतं. मी पण महिनाभर गेलो नाही. तुमच्या मिस्टरांना कोचनी आधी बोलावून सांगितलं होतं का हे विचारा, माझी खात्री आहे की राग तिथे आहे.

टोनी पार्करचं नाव त्यांना माहीत असेलच, सॅन अँटोनियोसाठी चार चॅम्पियनशिप, २००७ च्या फायनलचा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर. जानेवारी २०१८ मधे तो ३५ चा असताना त्याच्या कोचनं, पॉपोविचनं, त्याला स्वतः सांगितलं की आता २१ वर्षांचा डेजाँटे मरे स्टार्ट करेल. पार्करनं ते मानलं आणि त्या पोराला मदत करीन म्हणाला. आणि दुसरीकडे ॲलन आयव्हरसन, पार्करइतकाच मोठा, २००९ मधे मेम्फिसला गेला, बेंचवरून खेळणं त्याला सहन झालं नाही आणि तीन मॅचनंतर टीम सुटली. मी आयव्हरसनला नावं ठेवणार नाही, ज्यानं आयुष्यभर पहिला बॉल हातात घेतला त्याला बसून वाट बघणं खरंच जड जातं. पण दोघांमधे फरक काय पडला असेल तर मला वाटतं पार्करला समोर बसवून सांगणारा माणूस होता.

तुम्ही त्यांना समजवायला जाऊ नका, पुरुष माणूस त्या वेळी समजावणी ऐकत नाही, मी पण बायकोवर चिडायचो. एवढंच विचारा, तो नवीन मुलगा चुकतो कुठे? मग बघा, तासभर बोलतील, भाजीच्या वाट्या इकडे तिकडे ठेवून डाव दाखवतील. बोलून झालं की म्हणा, मग हे त्याला कोण सांगणार?

परत गेले तर एक गोष्ट नक्की सांगा, ही मला फार उशिरा कळली. स्टार्टर वॉर्मअप करून गरम अंगानं उतरतो, बेंचवाला पंधरा-वीस मिनिटं बसून गार झालेला असतो आणि छत्तिशीत गुडघा तिथेच धोका देतो. बसताना पायावर ट्रॅकपँट ठेवायची, आणि दुसरा क्वार्टर सुरू व्हायच्या आधीच उठून बेंचमागे दोरीउड्या मारायच्या, कोचनं हाक मारायची वाट बघायची नाही. माळ्यावरून शूज मात्र त्यांचे त्यांनाच काढू द्या.