पाणी अडवण्याआधी खडक वाच

उरणला रुजू झालास, छान झालं. तेलविहिरीतून तेलाबरोबर येणारं "पाणी बंद कसं करायचं" असं तू विचारलंस, पण तो दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, ते येतंय कुठून?

आपल्याकडे समुद्राजवळच्या वाडीत विहिरीवर मोठा पंप लावला की मे महिन्यात पाणी मचूळ होतं. उपसा वाढला की खालचं खारं पाणी शंकूसारखं वर चढतं. तेलविहिरीतही तेच होतं, आणि तेव्हा उपसा कमी करणं हाच पहिला उपाय. चुनखडीत मात्र भेगा आणि विरघळून झालेली पोकळ्यांची जाळी असते. भेग थेट पाण्यापर्यंत गेली असेल, तर उपसा कमी करूनही फारसा फरक पडत नाही.

1974 साली सापडलेल्या मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचा मुख्य साठा मायोसीन या भूशास्त्रीय काळातल्या चुनखडीत आहे. अशा थरांच्या साठ्यात दाब टिकवायला सोडलेलं पाणी सर्वांत मोकळ्या थरातून आधी धावतं. तो थर बुजवायचा, तर वर-खाली शेलचा (चिकणमातीपासून बनलेल्या खडकाचा) अभेद्य पडदा आहे का ते बघ. मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण पडदा नसेल तर पाणी वळसा घालून परत येतं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- लॉग (विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या खडकाच्या नोंदी) आणि कोअर (खडकाचा कापून काढलेला नमुना) न बघता पाण्याची वाट बुजवणारं जेल सोडतात.
- पाण्याच्या थराजवळ ॲसिड देतात. चुनखडी विरघळते, पाण्याला नवी वाट मिळते.
- केसिंगमागचं (विहिरीत बसवलेल्या पोलादी नळीमागचं) सिमेंट तपासत नाहीत.

जेलचं रसायन सध्या बाजूला ठेव. आधी तुझ्या विहिरीचा पाणी-तेल प्रमाणाचा आलेख काढ.