गावच्या घरी आठवडाभर जाताय? आधी एवढंच बघा

एका आठवड्यात कौलं, रंग, घराची वेबसाईट आणि मालवण-तारकर्ली, सगळं कोंबू नका. नवखे इथेच फसतात.

कौलं आधी, मे संपायच्या आत. कौलावर थेट पाय देऊ नका. फळी टाकून तिच्यावरून सरका. फुटकं कौल काढलंत की खालची रीप, म्हणजे कौलं टेकतात ती लाकडी पट्टी, दाबून बघा. बोट आत गेलं तर लाकूड पोखरलंय, नुसतं कौल बदलून भागणार नाही. खाऱ्या हवेत साधे स्क्रू गंजतात, स्टेनलेसचेच घ्या.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी बसा.

वेबसाईटला एक पान पुरे: फोटो, रस्ता, फोन नंबर. फोटो मात्र लहान करूनच चढवा, गावात रेंज जेमतेम असते. आणि संध्याकाळी काम थांबवून पोरांना समुद्रावर न्याच.