पैठणीच्या नावाखाली पॉलिस्टर आलं, कार्डावरचे पैसे परत मिळतील का?

प्रश्न : नमस्कार ताई. लेकीच्या साखरपुड्यासाठी मोबाईलवर जाहिरात बघून येवल्याची हातमागाची पैठणी मागवली, 18,400 रुपये क्रेडिट कार्डाने भरले. परवा पार्सल आलं, पिशवी हातात घेतली तेव्हाच हलकी लागली, उघडली तर चकचकीत पॉलिस्टर. साईटवरचा नंबर बंद, मेलला उत्तर नाही. बँकेच्या कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे ओटीपी तुम्हीच टाकलाय, आता काही होणार नाही. घरी मिस्टरांना अजून सांगितलेलं नाही. नाशिकला राहून, येवला इतकं जवळ असून मी असं कसं केलं हेच डोक्यात फिरतंय.
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, आधी मिस्टरांना सांगा, आजच. आता महिना-दोन महिने तरी मेल, फोन, कागद हे चालणार आणि लपूनछपून करायला गेलं की एखादी तारीख हमखास चुकते. आणि स्वतःला बोल लावू नका हो, खऱ्या पैठणीचा फोटो चोरून लावला तर मोबाईलच्या स्क्रीनवर ते कुणाला कळणार.

आता ओटीपीचं. ते उत्तर तुमच्या केसला लागूच होत नाही. आपल्या नकळत कार्डावरून पैसे गेले तर त्याला रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे, चूक ना बँकेची ना आपली असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर आपल्यावर बोजा येत नाही, आणि ओटीपी कुणाला दिला का हा प्रश्न तिथे येतो. तुम्ही तर पैसे भरल्याचं नाकारतच नाही, तुमचं म्हणणं एवढंच की मागवलं एक आणि आलं भलतंच. याला चार्जबॅक म्हणतात, म्हणजे तुमची बँक व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या मार्फत विक्रेत्याच्या बँकेकडून पैसे परत मागते. त्यामुळे बँकेच्या डिस्प्यूट फॉर्मवर, म्हणजे व्यवहाराबद्दलच्या तक्रारीच्या फॉर्मवर, 'हा व्यवहार मी केलेला नाही' इथे चुकूनही टिक करू नका, घाबरून खूप जण तेच करतात, मग बँक ओटीपीची नोंद दाखवते आणि तक्रार तिथेच बंद. 'वर्णनाप्रमाणे माल मिळाला नाही' असं लिहा. मुदत साधारण 120 दिवस असते पण तेवढी वाट बघू नका, याच आठवड्यात टाका, फोनवर नाही तर मेलवर किंवा ॲपमधून, आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

पुराव्यात खरी ताकद आहे. साडीला फॉल-पिको करू नका, टॅग काढू नका. पार्सलवरच्या लेबलचा फोटो घ्या, त्यावर वजन छापलेलं असतं आणि पैठणी म्हणजे अंगावर जाणवणारं वजन. पदर उलटा करून जवळून फोटो काढा, हातमागाच्या पैठणीचा पदर मागूनही पुढच्यासारखाच स्वच्छ दिसतो, तुमच्या साडीला मागे धागे लोंबत असतील. येवल्यात किंवा इथल्या एखाद्या जुन्या पेढीत साडी दाखवून 'ही हातमागाची नाही' असं दोन ओळीत लेटरहेडवर लिहून मिळालं तर फारच उत्तम. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आत्ताच घ्या, अशा साईट रातोरात गायब होतात. आणि विक्रेत्याला एक मेल टाका की साडी परत घ्या आणि पैसे द्या, उत्तर येणार नाही हे माहितीये, पण तुम्ही प्रयत्न केला होता हे बँकेला दाखवावं लागतं. समजा उत्तर आलं आणि 'डिस्प्यूट मागे घ्या, मग रिफंड देतो' म्हणाला, तर कार्डावर पैसे जमा झालेले दिसेपर्यंत मागे घेऊ नका.

सोबत 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करून किंवा सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार नोंदवा, त्याची पावती डिस्प्यूटला जोडा. कार्डाचा नंबर त्या साईटवर टाकलाय म्हणजे ते कार्ड ब्लॉक करून नवीन मागवा. बिलाचं म्हणाल तर वादातली रक्कम होल्डवर ठेवा असं बँकेला लेखी कळवा, पण बाकीचं बिल वेळेत भरा, रागाच्या भरात सगळंच थांबवलं तर व्याज आणि सिबिल दोन्ही आपल्याच गळ्यात.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, ऑनलाईन होतं, फी नाही, वकीलही लागत नाही.

अजून एक, आणि याची मला जास्त काळजी वाटते. आता तुम्हाला कुणीतरी फोन करेल की मी रिफंड डिपार्टमेंटमधून बोलतोय, हे ॲप टाका, थोडी प्रोसेसिंग फी भरा. फोन ठेवून द्या. लोकपाल असो, 1930 असो की बँकेचा डिस्प्यूट विभाग, पैसे परत द्यायला कुणीही असं ॲप टाकून स्क्रीन शेअर करायला किंवा फी भरायला सांगत नाही.

बँकेचं लेखी उत्तर आलं की मला पाठवा, पुढचं पत्र आपण मिळून लिहू.