डॉक्टरांना काढ्याचं सांगू का?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मराठी घरातल्या काकू सुनेबरोबर माझ्याकडे समुपदेशनाला आल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय 62. रक्तदाबाची गोळी चुकत नाही, पापड-लोणचं बंद, तरी तीन महिन्यांत डॉक्टरांनी डोस दोनदा वाढवलेला. काळजीने झोप उडाली होती. "आता माझं काही खरं नाही," हेच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

सून फोन घ्यायला बाहेर गेली, तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. काकू भजनी मंडळात गातात. घसा बसू नये म्हणून मांडवी भागातल्या गांध्याकडून, म्हणजे जडीबुटी विकणाऱ्याकडून, जेठीमध, म्हणजे आपलं ज्येष्ठमध, आणून दोन्ही वेळा काढा घेत होत्या.

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"छे! मागे मालिशचं बोलले, तर म्हणाले, मग माझ्याकडे कशाला येता?"

त्या एका वाक्याने केवढं नुकसान केलं होतं! ज्येष्ठमध रोज भरपूर घेतलं तर अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब चढतो. काढा लपलेला, म्हणून गोळी वाढत गेली असावी. मी डॉक्टर नाही. काढा किंवा गोळी बंद करा असं सांगणं माझं काम नाही. लपवण्यामागची भीती उलगडणं मात्र माझंच काम.

काकूंना वाटत होतं की दोन्हींपैकी एकच बाजू धरावी लागते. तसं नसतं. औषधासोबत घेतो तो पूरक उपचार, औषधाऐवजी घेतो तो पर्यायी. काकूंचा सकाळचा प्राणायाम पूरक. सावकाश श्वासाने मन निवतं, तो चालू राहावा असं मलाही वाटलं. केमोथेरपीच्या मळमळीवर काही जणांना अ‍ॅक्युपंक्चरने आराम पडतो, तोही उपचारासोबतच. पण मधुमेह किंवा कॅन्सर मुळापासून घालवतो अशी जाहिरात दिसली की मी सावध करते. तशा जाहिरातींवर 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे. होमिओपॅथीच्या गोळ्यांत बहुधा मूळ द्रव्य जवळजवळ उरतच नाही. त्यांच्या भरवशावर चालू औषध सोडणं मला धोक्याचं वाटतं.

आम्ही डॉक्टरांपुढे बोलायचं वाक्य ठरवलं. काकूंनी ते चार-पाचदा म्हणून पाहिलं: "डॉक्टरसाहेब, मी हेही घेते. तुमच्या औषधाला चालेल का?" घेतो ते सगळं कागदावर लिहून न्यायचं ठरलं.

पुढच्या आठवड्यात सुनेने सांगितलं, डॉक्टर ओरडले नाहीत. काढा थांबवायला सांगून पोटॅशियमची तपासणी लिहून दिली. कॅलेंडरच्या पानामागे काकूंनी केलेली ती यादी तिने मला दाखवली. तिच्यात मेथीची भुकटी आणि झोपेचं एक चूर्ण होतं. ती दोन नावं काकूंनी मलाही सांगितली नव्हती.