दोन पातेली आणि मंगळाचं झाकण

अगं,

त्या अंतराळातल्या कादंबरीवर संगीत करतेयस ना, त्याचे तुझे तिन्ही डेमो ऐकले. एकदा रात्री हेडफोन लावून, मग सकाळी गॅलरीत, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये. वाजवलंयस छान, पण यान उडालं की तळातून चढत जाणारा सिंथ (सिंथेसायझर), परग्रह आला की रिव्हर्बमध्ये, म्हणजे घुमाऱ्यात, बुडालेला कोरस, हे सिनेमाचं पार्श्वसंगीत झालं. सिनेमात सेकंद ठरलेला असतो. कादंबरी वाचणारा एका पानावर दहा मिनिटं रेंगाळतो, मध्येच चहा टाकायला उठतो. तुझा स्फोट बाराव्या मिनिटाला होतो, तेव्हा तो अजून नायिकेच्या आजीपाशीच असतो.

संगीतकार जेफ वेननं ही अडचण सरळ पुसूनच टाकली. एच. जी. वेल्सच्या 1898च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'वर त्यानं 1978 साली डबल अल्बम काढला आणि निवेदनाला रिचर्ड बर्टनचा आवाज घेतला. गोष्टच तबकडीत आली, वाचकाच्या वेगाचा प्रश्न मिटला. त्यात मंगळावरून आलेल्या नळकांड्याचं झाकण आतून फिरत फिरत उघडतं. तो आवाज दोन पातेली एकमेकांवर घासून काढलाय! हे कळलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन करून बघितलं. स्टील नुसतं किंचाळतं. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं खरखरतं, आणि घासता घासता एखाद्या ठिकाणी अडतं. भीती त्या अडण्यात आहे. तुझ्या सिंथमध्ये हजार पॅच, म्हणजे तयार आवाज, असतील, पण त्यातला एकही अडत नाही.

(त्याच अल्बममधलं 'फॉरएव्हर ऑटम' ऐक. ती चाल वेननं मुळात लेगोच्या जाहिरातीसाठी केली होती. तेव्हा जिंगल करायला लाजू नकोस आणि जुन्या चाली फेकू नकोस.)

संगीतकार माइक ओल्डफील्डनं 1994 साली आर्थर क्लार्कच्या 'द साँग्ज ऑफ डिस्टंट अर्थ' या कादंबरीवर अल्बम केला. त्यात निवेदन नाही. पुस्तक मिटल्यावर मनात जे उरतं, त्याचं ते संगीत. सुरुवातीला चंद्राभोवती फिरून आलेल्या अपोलो 8च्या अंतराळवीराचा 1968मधला खरा आवाज येतो, तिथे अजूनही काटा येतो. पुढचं मला जरा गुळगुळीत वाटतं. पण तुझं मत वेगळं असेल तर भांड माझ्याशी.

मला तुला न्यायचंय ते तिसरीकडे. लेखिका उर्सुला ल ग्विनचं 'ऑलवेज कमिंग होम' हे पुस्तक 1985 साली आलं, तेव्हा त्याच्यासोबत एक कॅसेटही होती. कथा दूरच्या भविष्यात उत्तर कॅलिफोर्नियात राहणाऱ्या केश लोकांची. बाईंनी त्यांची भाषा रचली, त्या भाषेत गाणी लिहिली, वाद्यांची वर्णनं केली. संगीतकार टॉड बार्टननं त्यातली काही वाद्यं खरोखर बनवली. त्यात एक शिंग तर सात फुटी! कॅसेट ऐकताना वाटतं, कुणीतरी त्या खोऱ्यात जाऊन गावकऱ्यांना गाताना टिपून आणलंय. पुस्तकाबद्दल ती काही सांगत नाही. ती पुस्तकातूनच आलेली वस्तू आहे.

आता तू निवडलेली कादंबरी घे. वसाहत चंद्राच्या पोटात, पाणी मोजून मिळतं, तिसरी पिढी तिथेच जन्मलेली. आणि दुसऱ्या डेमोत तू तंबोरा लावलायस. अगं, तिथे भोपळा कुठे पिकतो? लाकूड कुठून येतं? त्या लोकांकडे पाइप आहेत, पत्रा आहे, आणि चोवीस तास चालणारा पाण्याचा पंप आहे. सगळी वसाहत त्या पंपाच्या षड्जावर झोपते. आजी नातीला निजवताना जी ओवी म्हणते तिचे निम्मे शब्द ती विसरली असेल. नदी न पाहिलेल्या पोरीला ती 'नदी' कशी म्हणून दाखवेल? सूर तिथे शोध.

एक रुक्ष गोष्ट, पण आधी कर. परवानगी लेखी घे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात, आणि संगीताचा हक्क प्रकाशकाकडे असेलच असं नाही. संगीतकार ॲलन पार्सन्सला 1977च्या अल्बमसाठी असिमॉव्हच्या 'आय, रोबॉट' या पुस्तकाचे हक्क मिळेनात, ते आधीच विकले गेले होते. असिमॉव्हला कल्पना आवडली होती, तरीही. शेवटी स्वल्पविराम काढून अल्बमचं 'आय रोबॉट' नाव ठेवलं. माझ्या बाबतीत स्वल्पविरामानं भागलं नाही. तोंडी 'हो'वर मी चार महिने राबलो, मग लेखकाच्या घरच्यांनी नाही म्हटलं. त्यांचं चूक नव्हतंच. त्या टेप अजून माळ्यावर आहेत.

तेव्हा नवीन काही रेकॉर्ड करू नकोस. पुस्तक पुन्हा वाच, आणि जिथे जिथे आवाजाचा उल्लेख आहे तिथे पेन्सिलीनं खूण कर. पंपाचा सूर काळी एक की पांढरी चार, एवढं ठरवून रविवारी ये. जर्मनची पातेली काढून ठेवतो.

तुझा,
काका